सहा महिने सायकलवर

या घरातलं कुणी मुलाखतीला सरळ उठून गेलं, असं तीन पिढ्यांत झालेलं नाही. आधी घरात तालीम, मग बाहेर. याला कारण आजोबा. तरुणपणी ते काचेच्या कारखान्यात मुलाखतीला गेले, साहेबांनी ‘नाव?’ म्हणून दरडावलं आणि आजोबांनी घाबरून दारावरच्या पाटीवर वाचलेलं साहेबांचंच नाव सांगून टाकलं. साहेब हसले नाहीत. आजोबा पुढे जन्मभर कुलपं दुरुस्त करत राहिले आणि त्यात सुखीही होते, पण आपल्या मुलांवर ही पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी कारखान्याच्या फाटकातच ठरवलं. पहिली तालीम थोरल्या आत्याची झाली. तिच्या जोरावर आत्या कागद गिरणीच्या कर्मचारी विभागात लागली आणि तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून इतरांचा घाम काढत राहिली. त्यामुळे तालमीत साहेब कोण होणार, हा प्रश्न या घरात पडत नाही.

त्या शनिवारी सकाळी पाळी मधलीची होती. बाबांच्या तीन मुलांतली ही मधली. थोरला परगावी, धाकटी परदेशी आणि मधली इथेच. म्हणून कौतुक त्या दोघांचं आणि कामं हिची, अशी वाटणी कधीचीच झालेली. शहराच्या मोठ्या ग्रंथालयात, तळघरात, फाटकी पुस्तकं चिकटवायचं काम ती सात वर्षं करत होती. पुस्तकं वर जायची, लोक ती वाचायचे, पुन्हा फाडून खाली पाठवायचे. वाचणारा माणूस मात्र तिला कधी दिसायचा नाही. आता ग्रंथालयाच्या फिरत्या गाडीचा म्हातारा चालक निवृत्त होत होता आणि त्यांना गाडी चालवणारं आणि पुस्तकंही देणारं असं एकच माणूस हवं होतं. दोन्ही बाजूंना फळ्या ठोकलेली ती गाडी मधलीने एकदा आतून पाहिली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मुलाखत सोमवारी होती.

जेवणाचं टेबल खिडकीकडे सरकवलं होतं. मधे आत्या, नाकावर चष्मा आणि समोर कोरा कागद. तिच्या उजवीकडे काका, म्हणजे मास्तर. त्यांची गाडी शिकवण्याची शाळा आहे म्हणून ते तांत्रिक सदस्य. डावीकडे बाबा. चष्म्याचं दुकान शनिवारी उशिरा उघडायचं ठरवून ते आले होते आणि त्यांना काहीच विचारायचं नसे. ते प्रत्येक उत्तराला मान डोलवत. आई स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून मटार सोलत होती. तालमीत ती भाग घेत नाही. तिचं म्हणणं, घरात कुणीतरी बेकार बसायला हवं.

“बसा,” आत्या म्हणाली. तालमीत ती भाचीलाही अहो-जाहो करते. “या नोकरीसाठी तुम्हीच का?”

मधलीने सांगितलं. चांगलं सांगितलं. बाबांची मान डोलत राहिली. मास्तरांनी उतारावर अवजड गाडी उभी करताना काय करायचं ते विचारलं, तेही तिने बरोबर सांगितलं आणि मास्तरांनी ‘बघा, कोणी शिकवलंय’ अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

“गाडी किती वर्षं चालवता?” आत्याने विचारलं.

“चौदा.”

“सलग?”

हा आत्याचा हुकमी प्रश्न. गिरणीत कुणी कुठलाही आकडा सांगितला, की ती चष्म्यावरून बघत एवढंच विचारायची. त्या एका शब्दाने तिने किती जणांच्या गाठोड्यातून काय काय बाहेर काढलं होतं, त्याची गणती नाही. आत्ता मात्र तिने तो केवळ सवयीने विचारला. उत्तराची वाटही न बघता ती पुढचा प्रश्न जुळवत होती. मग तिच्या लक्षात आलं, की उत्तर आलेलं नाही.

“मधे सहा महिने नाही,” मधली म्हणाली.

“ते सायकलचे ना!” बाबा खुलले. “ते सांग की. चार वर्षांपूर्वी हिने तत्त्व म्हणून गाडी सोडली होती, असं लिही, ताई. सहा महिने सायकल आणि बस. थंडीत सुद्धा.”

“उमेदवाराला बोलू दे,” आत्या म्हणाली. तीस वर्षांत तिचे कान तयार झाले होते. गप्प बसण्याचे किती प्रकार असतात ते तिला ठाऊक होतं. हा त्यातला चांगला प्रकार नव्हता. “तत्त्व होतं का?”

“नाही.”

“मग?”

“परवाना नव्हता.”

“हरवला होता?” मास्तरांनी विचारलं.

“काढून घेतला होता, काका. न्यायालयाने. सहा महिन्यांसाठी.”

बाबांची मान डोलायची थांबली.

मास्तरांना पहिली आठवण पुतणीची झाली नाही, हे सांगायलाच हवं. त्यांना आठवली ती त्यांच्या शाळेच्या गाडीची मागची काच. तिच्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं: ‘आमच्या एकाही विद्यार्थ्याचा परवाना आजवर गेलेला नाही.’ या मुलीला गाडी त्यांनीच शिकवली होती, त्याच गाडीवर. म्हणजे चार वर्षं ते गावभर खोटं मिरवत होते आणि मागून येणारा प्रत्येक जण ते वाचत होता. ‘एकाही’ या शब्दात घरचे धरायचे की नाही, याचा त्यांनी क्षणभर प्रामाणिकपणे विचार केला.

“हे कुणाला माहीत आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“न्यायालयाला,” मधली म्हणाली. “आणि आता तुम्हाला.”

“मग इथेच थांबवू. सोमवारी ब्र काढायचा नाही.”

“ते मी ठरवते,” आत्या म्हणाली. आतापर्यंत तिच्या अंगात आलं होतं. कागद पुढे ओढून तिने अहो-जाहो सोडून दिलं. “अर्जात विचारलं होतं त्यांनी?”

“परवाना आहे का, एवढंच विचारलं होतं. आहे, म्हणून सांगितलं.”

“खोटं नाही ना ते? मग झालं. विचारलं तेवढंच सांगायचं. मुलाखत म्हणजे काही कबुलीजबाब नव्हे. आपण होऊन सांगायला गेलेल्यांचं काय व्हायचं ते मी बघितलंय. मीच करायचे ते.”

“पण तू आत्ता विचारलंस की. तेही विचारतील.”

“सगळे माझ्यासारखे नसतात,” आत्या म्हणाली, आणि त्यात नम्रता अजिबात नव्हती.

बाबा आपल्या दुकानात उभे होते, मनाने. गेल्या चार वर्षांत डोळे तपासायला खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाला, हनुवटी टेकवून तो हलू शकत नसताना, त्यांनी आपल्या मुलीची गोष्ट सांगितली होती. आजकालची मुलं, साहेब, पण आमच्या मधलीनं बघा. तिचं बघून त्यांनी स्वतः सायकल घेतली होती. मास्तरांनीही घेतली होती, आणि गाडी शिकवणाऱ्याने सायकलवर हिंडावं म्हणजे काय, म्हणून लोकांचे टोमणेही ऐकले होते. बाबांचं तर पोट उतरलं होतं. सगळं त्या एका तत्त्वापायी. आता ते तत्त्वच नव्हतं, आणि उतरलेल्या पोटाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

तेवढ्यात त्यांच्या कानाला एक गोष्ट खटकली. इतकं सगळं झालं, पण मटाराच्या शेंगा फुटण्याचा आवाज थांबला नव्हता. एकदाही नाही. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं.”

“होतं,” आई म्हणाली. शेंग फुटली.

“चार वर्षं?”

“न्यायालयात मीच गेले होते तिच्याबरोबर. तिथली बाकं फार अरुंद आहेत.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही!”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“विचारलं नाही? पहिल्याच दिवशी, ही सायकल घेऊन अंगणात उतरली तेव्हा मी स्वतः—”

“तुम्ही स्वतः म्हणालात, ‘वा! प्रदूषणासाठी ना?’ ती तोंड उघडतेय तोवर तुम्ही फोन लावून ताईंना सांगत होतात. दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलंत. अहो, तुम्ही सांगत होता. विचारत नव्हता.”

आत्याला तो फोन आठवला. तिने चष्मा काढून पुसला, त्याची गरज नसताना.

बाबा दुखावले गेले, आणि दुखावलेला माणूस कुठल्या पक्षात जाईल याचा नेम नसतो. मुलीने खरं सांगावं, हे म्हणायला या खोलीत त्यांच्याइतका लायक माणूस नव्हता. गिऱ्हाइकाला नको असलेली काच त्यांनी जन्मात विकली नव्हती. पण ते ताडकन म्हणाले, “ताई म्हणतेय ते बरोबर आहे. बोलायचं नाही. त्या ग्रंथालयातली निम्मी माणसं माझ्याकडे चष्मे करतात. मी काय तोंड दाखवू?”

“तोंड माझं आहे, बाबा. सोमवारी तिथे मी बसणार आहे.”

“काही महत्त्वाचं कारण असणार,” बाबा आत्याला म्हणाले, मुलीकडे न बघता. “त्याशिवाय ही असं करणार नाही.”

“कारणाचं मी बघते,” आत्या म्हणाली. कागदावर तिने एक रेघ ओढली. “समजा, विचारलंच. तर आईची तब्येत अचानक बिघडली आणि औषध आणायला—”

“मला कशाला आजारी पाडता?” आई दारातून म्हणाली.

“बरं, शेजारी. शेजारची बाई अडली होती. मागच्या सीटवर.”

“आत्या, तसं काही नव्हतं.”

“तसं नव्हतं तर तसं करू. थोडं इकडचं तिकडे. तुला नोकरी हवीय ना?”

हवी होती. फार हवी होती. इतकी, की त्या क्षणी आत्याची शेजारीण मधलीला खरी वाटायला लागली. तिने ती बोलूनही पाहिली, मनात. सोमवारी तीन अनोळखी माणसांसमोर ही शेजारीण मागच्या सीटवर बसवायची, मग पुढची सगळी वर्षं त्या गाडीच्या फळ्यांमधून तिला वागवत फिरायचं. शिवाय कधीतरी कुणीतरी विचारणार, मुलगा झाला की मुलगी?

“थांबा,” मास्तर अचानक म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. पिवळी अक्षरं मागे पडली होती आणि धंदा पुढे आला होता. “विमा. संस्थेच्या गाडीवर नवा चालक चढवायचा तर विमेवाले त्याची मागची पाच वर्षं बघतात. माझ्याकडे शिकवायला येणाऱ्यांची बघतात. ते विचारत बसत नाहीत, काढून बघतात. झाली चारच.”

“म्हणजे?” आत्याने विचारलं.

“म्हणजे लपणार नाही, ताई. हिला घेतलं, गाडीवर बसवलं, आणि मग निघालं तर? तळघरातली नोकरी पण जाईल. सांगितलेलं बरं.”

“आत्ता तूच म्हणालास, ब्र काढायचा नाही!”

“आत्ता मी काका होतो. आता मी मास्तर आहे.”

“पलटी मारायला तुला वळणही लागत नाही,” आत्या म्हणाली.

दोघं हमरीतुमरीवर आले. आत्याचं म्हणणं, आधी नोकरी हातात घे, विम्याचं विमा बघून घेईल. मास्तरांचं म्हणणं, तू कागद गिरणीत होतीस, गिरणी काही रस्त्यावरून पळत नव्हती. बाबा आत्याच्या बाजूने टेबल वाजवत होते आणि आई मटाराचं पातेलं घेऊन मास्तरांच्या शेजारी येऊन बसली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने दिराची बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. या सगळ्यात मधली उठली, खिडकीतला फोन उचलला आणि नंबर लावला.

“कुणाला?” आत्या ओरडली.

“ग्रंथालयाच्या बाईंना. मुलाखत त्याच घेणार आहेत. शनिवारी दुपारपर्यंत असतात.”

“अगं, ठेव तो! वेड लागलंय का?”

“तू ‘सलग’ म्हणालीस तेव्हा माझं तोंड कसं झालं ते बघितलंस ना? सोमवारी पण तसंच होणार. त्यापेक्षा आजच होऊ दे.”

तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकटीने ऐकायचा धीर नव्हता, हे एक. आणि दुसरं, या माणसांना पुन्हा वेगळं सांगत बसायची तिची तयारी नव्हती. आत्या उठली होती ती तशीच अर्धी उभी राहिली.

“बोला,” फोनमधून कोरडा आवाज आला.

मधलीने तळघरातली म्हणून ओळख सांगितली. सोमवारच्या मुलाखतीआधी एक सांगायचं आहे, म्हणाली. चार वर्षांपूर्वी माझा परवाना सहा महिने निलंबित होता.

“बरं,” बाई म्हणाल्या. “कशासाठी?”

आणि इथे एक गंमत झाली. सकाळपासून या खोलीत विमा निघाला, अर्ज निघाला, शेजारीण बाळंत व्हायला आली. पण हे एवढं कुणीच विचारलं नव्हतं. आई सोडून बाकी तिन्ही डोकी फोनच्या दिशेने वाकली.

“वेगासाठी,” मधली म्हणाली. “शहराबाहेरचा मोठा रस्ता. सकाळी लवकर. मर्यादा ऐंशीची होती. मी एकशे त्रेचाळीसवर होते.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“घाई होती?”

“नाही.”

“कुणी आजारी वगैरे?”

आत्याने हात जोडले. प्रत्यक्ष जोडले, भाचीसमोर, फोनच्या वर.

“नाही,” मधली म्हणाली. “कुणीच नव्हतं गाडीत. रस्ता रिकामा होता, सरळ होता. मला बघायचं होतं, गाडी किती पळते.”

“तुमची गाडी?”

“वडिलांची.”

ती गाडी बाबा दर रविवारी स्वतः धुवायचे. तिला साठच्या पुढे त्यांनी कधी नेलं नव्हतं. साठला तिच्या उजव्या दारातून खडखड यायची आणि त्यांना वाटायचं, आता काहीतरी निसटणार. एकशे त्रेचाळीस. त्यांना राग आला, भीतीही वाटली, चार वर्षं उशिराने पण खरीखुरी. आणि या दोन्हींच्या खाली, त्यांना स्वतःलाच न आवडणारा एक प्रश्न उभा राहिला: मग त्या दाराचं काय झालं?

“कुणाला लागलं?” बाई विचारत होत्या.

“नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. पण असतं तर मला थांबता आलं नसतं. ते न्यायाधीशांनी सांगितलं म्हणून कळलं असं नाही. तेव्हाच कळलं होतं.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर काही नाही. परवाना परत मिळाल्यावर अजून एकदा शिकवणी लावली. दुसरीकडे.”

“दुसरीकडे!” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी तो आवाज ऐकला.

“तिथे अजून कोणी आहे का?”

“घरचे आहेत,” मधली म्हणाली.

“असं,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या की खोकल्या, ते कळलं नाही. “हे मला एकटीला ठरवता येणार नाही. विमेवाल्यांना विचारायला हवं. आज भेटले तर आजच कळवते.”

फोन बंद झाला. मग आत्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “बाई बरी वाटली.” तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण उमेदवाराला घाई होती का, हा प्रश्न नेमका त्याच जागी तिनेही विचारला असता, आणि कारागिराला कारागीर ओळखू येतोच.

“बघायचं होतं, म्हणे,” मास्तर पुटपुटले. “अगं, मला विचारायचं. मी सांगितलं असतं किती पळते ते.”

“ते ऐकायचं नव्हतं, काका.”

“आणि दुसरीकडे कुणाकडे लावलीस शिकवणी?” हे त्यांना परवान्याहूनही झोंबलं होतं. मधलीने नाव सांगितलं नाही, आणि त्यावरूनच ती प्रतिस्पर्धी शाळा कोणती ते त्यांनी ओळखलं.

जेवायला बसले तरी टेबल कुणी परत जागेवर आणलं नाही. सूप होतं, पाव होता, मटार होते. तालमीला बसले होते तसेच सगळे एका बाजूला बसले आणि मधली एकटी समोर. आत्या आणि मास्तर एकमेकांशी न बोलता एकमेकांना मीठ देत होते. बाबांना तर दुकान उघडायचीही आठवण राहिली नव्हती. फोन मधे ठेवलेला होता. तो वाजला तेव्हा मधलीने हातातला चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि मगच उचलला. आवाज तिने पुन्हा मोठा केला.

“विमेवाले नाही म्हणतात,” बाईंनी सरळ सांगितलं. “त्यांना पाच वर्षं कोरी लागतात. एक वर्ष कमी पडतंय. मी भांडून बघितलं.”

“पुढच्या वर्षी—”

“जागा तोवर भरलेली असेल. गाडी उभी ठेवता येत नाही. सोमवारी तुम्ही येऊ नका, हे सांगायला मला वाईट वाटतंय. तुम्हाला घेतलं असतं की नाही ते मी सांगत नाही. पण ऐकायला आवडलं असतं.”

“कळलं,” मधली म्हणाली. “थँक्यू.” तिचा आवाज शेवटपर्यंत नीट राहिला.

फोन ठेवल्याबरोबर आत्याने तोंड उघडलं आणि आईने तिच्या ताटलीत न विचारता पाव वाढला. पण आत्या ती आत्याच.

“मी सांगत होते,” ती म्हणाली. “गप्प बसली असतीस तर सोमवारी जागा तुझी होती.”

“आणि मंगळवारी विमेवाल्यांनी काढली असती,” मास्तर म्हणाले.

“एक दिवस तरी चालवली असती पोरीने!” आत्या म्हणाली, आणि हे बोलताना तिचा आवाज अचानक भरून आला. सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. साहेब तालमीत कधी रडला नव्हता.

मधली उठली. रिकामी भांडी गोळा करून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडली. फार नाही, पण मनापासून. फळ्या ठोकलेली ती गाडी आता दुसरं कुणी चालवणार होतं, दारात आलेल्या माणसाला पुस्तक दुसरं कुणी देणार होतं आणि ते फाटलं की खाली हिच्याकडेच येणार होतं. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नव्हता. दोष एका सकाळी तिने स्वतः, कुणी न सांगता, हौसेने केलेला होता.

मागे पाऊल वाजलं. आई असेल असं तिला वाटलं. बाबा होते. त्यांनी खुंटीवरचं फडकं घेतलं आणि तिने धुतलेली वाटी पुसायला घेतली. चष्म्याची काच पुसावी तशी ती वाटी ते कडेकडेने पुसत राहिले. ती कोरडी झाली तरी पुसत राहिले.

“एक विचारू?” ते म्हणाले.

“आता काय राहिलंय, बाबा? आकडा सांगितला. कारण सांगितलं.”

“ते त्या बाईंनी विचारलं.” त्यांनी वाटी खाली ठेवली. “मी विचारलं नव्हतं.”

ती थांबली. बाहेर मास्तर आणि आत्या पुन्हा सुरू झाले होते; टेबल सरकवल्याचा आवाज येत होता.

“एवढ्या वेगात...” बाबांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. “कसं वाटतं गं?”

यात काही खोच आहे का, म्हणून तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खोच नव्हती. उपदेशही नव्हता. वर्षानुवर्षं लोकांना खुर्चीत बसवून ‘आता दिसतंय का?’ विचारणारा तिचा बाप तिच्यासमोर ओलं फडकं घेऊन उभा होता, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि खरंच ऐकायचं होतं.

“आधी छान वाटतं की भीती?” त्यांनी विचारलं.

मधलीने नळ बंद केला, हात अर्धवट झटकले, ओट्याला टेकली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.